ताट आपलं, नियम कुणासाठी? खाण्याची निवड आणि अन्न सुरक्षा: सोलापूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

भाकरी कडक हवी की मऊ, चटणीत लसूण किती, आज मटण की वांगं, यात सरकारने पडू नये असं बहुतेकांना वाटतं आणि ते बरोबरच आहे. गोंधळ होतो तो आपलं ताट दुसऱ्यासमोर जातं तेव्हा. खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात मिळत असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. मी काय खावं हे कायदा ठरवू शकतो का?

जवळजवळ नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा, त्याखालचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. हा कायदा अन्न बनवणारा, साठवणारा, वाहून नेणारा, विकणारा आणि वाटणारा यांच्यासाठी आहे. खाणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. तीन दिवसांची आमटी गरम करून तुम्ही स्वतः खाल्ली तर कुठलंही कलम लागत नाही. तीच डब्यात भरून गिऱ्हाइकाला दिली तर लागतं.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचा तपासणीचा अधिकार (कलम ३८) विक्रीचं अन्न जिथे बनतं किंवा साठवलं जातं त्या जागेपुरता आहे. तुमच्या चुलीवर काय रटरटतंय हे बघायला तो येत नाही. घरातूनच विक्री होत असेल तर मात्र ते घर या कायद्याच्या हिशेबात येतं (प्रश्न ३). काही पदार्थांना वेगळेच कायदे किंवा आदेश लागू आहेत (प्रश्न १७ आणि १८).

२. भेसळ, कमी दर्जा, असुरक्षित हे सगळं एकच ना?

बोलण्यात एक, कायद्यात वेगळं. दुधाचं उदाहरण घ्या. गाईच्या दुधात किमान ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) हवं. पाणी घातल्याने ते खाली आलं तर दूध 'कमी दर्जाचं'. त्याला ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पण ते पिऊन कुणी आजारी पडेलच असं नाही. त्याच दुधात युरिया सापडला, किंवा घातलेलं पाणीच घाण निघालं, तर प्रकरण 'असुरक्षित' अन्नाकडे जातं आणि तिथे कैदेची तरतूद आहे. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाला तर किमान ७ वर्षं, जन्मठेपेपर्यंत. तिसरा प्रकार 'चुकीच्या लेबलचं' अन्न: माल चांगला, पण पाकिटावर खोटं किंवा अपुरं लिहिलेलं. त्याला ३ लाखांपर्यंत दंड.

तक्रार करताना हा फरक उपयोगी पडतो. 'भेसळ आहे' एवढंच लिहिण्यापेक्षा काय दिसलं, कसला वास आला, पाकिटावर काय छापलं होतं ते लिहा. कोणतं कलम लावायचं ते अधिकारी बघतील.

३. मी घरीच शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून ओळखीत विकते. मलाही नोंदणी लागते का?

लागते. ओळखीतली विक्री हीसुद्धा विक्रीच. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी आणि त्यावर परवाना, अशी विभागणी केली होती. असे आकडे बदलतात, म्हणून अर्ज भरताना फॉसकॉस या सरकारी नोंदणी पोर्टलवर त्या दिवशी दिसणारी मर्यादा आणि शुल्क धरा. नोंदणीला फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो. मिळणारा क्रमांक १४ अंकी असतो.

नोंदणी झाली म्हणजे माल तपासून पास झाला असं नव्हे. तुम्ही कोण आणि कुठे करता हे सरकारदरबारी लिहिलं गेलं, एवढाच तिचा अर्थ. स्वच्छतेच्या अटी त्यापुढच्या: कामाच्या वेळी कुणाला उलट्या-जुलाब, ताप किंवा हाताला पिकलेली जखम असेल तर त्या दिवशी त्याने पिठाला हात लावायचा नाही. पैपाहुणा आला म्हणून कच्चं मटण चटणीच्या ओट्यावर कापायचं नाही.

सहकारी दूध संस्थेचा सभासद असून सगळं दूध संस्थेलाच घालणाऱ्याला वेगळी नोंदणी लागत नाही. त्यातलंच दोन लिटर शेजारी विकलं की ही सूट उरत नाही.

४. पाकिटावर काय काय छापायचं?

पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त ते आधी), निव्वळ वजन, किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, १४ अंकी क्रमांक, बॅच, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, शाकाहाराची हिरवी खूण. पोषणमूल्याचा तक्ता आणि त्यातल्या सवलती पाकिटाच्या आकारावर व मालाच्या प्रकारावर अवलंबून आहेत, त्या छपाईआधी बघून घ्या.

घरगुती पाकिटांवर हमखास राहून जाते ती ॲलर्जीची सूचना. शेंगदाणा त्या यादीत आहे. 'शेंगा चटणी म्हटल्यावर शेंगा असणारच' हे आपल्याला कळतं, पुण्या-मुंबईच्या दुकानात पाकीट उचलणाऱ्याला कळेलच असं नाही. 'असल सोलापुरी' लिहायला जागा सापडते, तर 'शेंगदाणे आहेत' यालाही सापडेल.

ज्वारीत ग्लुटेन (गव्हातलं एक प्रथिन) नसतं, पण त्यावर 'ग्लुटेन-फ्री' छापणं सोपं नाही. किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, आणि ज्या गिरणीत आधी गहू दळला तिथून ज्वारीचं पीठ आणलं तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. स्वतंत्र जातं आणि प्रयोगशाळेचा अहवाल असेल तरच तो शब्द वापरा.

५. शेंगदाण्याला बुरशी लागली होती, पण खमंग भाजून घेतले. आता चालतील ना?

नाही. शेंगदाण्यावर वाढणारी एक बुरशी, ॲस्परजिलस फ्लेव्हस, अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. भाजल्याने बुरशी मरते, विष थोडं कमी होतं, पण संपत नाही. ते पूर्ण मोडायला २३५ अंश सेल्सिअसच्याही वर जावं लागतं, आणि तिथवर दाणा जळून कोळसा होतो. हे विष यकृतावर परिणाम करतं. थोडं थोडं पोटात गेलं तर लगेच काहीच जाणवत नाही, म्हणून 'आम्ही कायम खातो, काय झालं?' हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. विक्रीसाठी मर्यादा आहे: पुढे प्रक्रिया करायच्या दाण्यात किलोला १५ मायक्रोग्रॅम, थेट खायच्या मालात १०.

विष बाजारात येण्याआधी, शेतातच सुरू होऊ शकतं. शेंग भरताना पाऊस ओढला, जमीन तापली, की बुरशीला वाट मिळते. आपल्याकडे हे नेहमीचं आहे. पुढे शेंगा नीट न वाळवणं, आणि सर्वांत वाईट म्हणजे फोडायला सोपं जावं म्हणून शेंगांवर पाणी मारणं. बाहेरून दाणा टवटवीत दिसतो, आत ओल राहते.

घरी दोनदा निवडा. पहिल्यांदा कच्चे: सुरकुतलेले, फुटके, काळपट, हिरवट किंवा पिवळी पूड लागलेले दाणे बाजूला. मग मंद आचेवर भाजून, चोळून, फोल पाखडून दुसऱ्यांदा. साल गेल्यावरच आतला डाग दिसतो, आणि ही दुसरी निवड बहुतेक जण करत नाहीत. तोंडात कडू लागलेला दाणा गिळू नका. निवडून काढलेले दाणे कोंबड्यांना किंवा म्हशीला घालू नका. जनावराने खाल्लेलं अफ्लाटॉक्सिन दुधात एम-१ या रूपात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही. दुधासाठी मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे.

साठवायचं तर शेंगांतच साठवा, लागेल तसे फोडा. फोडलेल्या दाण्यात ओल ७ ते ८ टक्क्यांच्या वर नको; दोन बोटांत दाबला तर दाणा वाकायला नको, कडकन तुटायला हवा.

चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कांडली की तिचं दुखणं बुरशीपेक्षा खवटपणाचं असतं: हवा, उजेड, उष्णता. सुक्या चमच्याने काढा, बरणी गच्च भरा. कच्चा लसूण तेलात बुडवून केलेली ओली चटणी मात्र वेगळी. ती फ्रीजबाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, आणि बोटुलिझमच्या (अंग लुळं पाडणाऱ्या विषबाधेच्या) जिवाणूला तेच हवं असतं.

६. आमच्या शेतात हुरडा पार्टी असते. शेतकऱ्याला या कायद्यातून सूट आहे असं ऐकलं.

सूट आहे, पण बांधापर्यंत. कलम १८ (३) प्रमाणे शेतकरी, त्याचं पीक आणि शेतावरचा कच्चा माल यांना कायदा लागू नाही. कणसं विकलीत तर तुम्ही शेतकरी. माणशी पैसे घेऊन आगटीत हुरडा भाजून दिला, सोबत चटणी, दही, गूळ आणि दुपारी पिठलं-भाकरी वाढलीत, तर ते जेवण पुरवणं झालं आणि नोंदणी आली (प्रश्न ३). सोयऱ्यांना बोलावून फुकट खाऊ घातलं तर कुणी विचारत नाही.

पाहुण्यांना त्रास होतो तो बहुधा हुरड्याने नव्हे, सकाळपासून उन्हात ठेवलेल्या दह्याने आणि हात न धुता चोळलेल्या कणसांनी. आगटीजवळ पाण्याची टाकी आणि साबण ठेवा. गोवऱ्या हाताळणाऱ्याने हुरडा चोळू नये, ही दोन वेगळी माणसं हवीत.

७. मटकीसारखे ज्वारीला मोड आणून कोशिंबीर केली तर पौष्टिक ना?

करू नका. अख्ख्या वाळलेल्या दाण्यात जवळजवळ नसलेलं धुरिन नावाचं द्रव्य मोडांत भरपूर तयार होतं, आणि मोड चावला-चेचला की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं त्याचं कारण हेच. मालदांडी असो की दुसरी कुठली, मोडांची कोशिंबीर नको.

मोडाच्या ज्वारीचं पीठ करायचं असेल तर मोड आणून पूर्ण वाळवा, चोळून कोंब आणि मुळं सगळी काढून पाखडा, मग दळा आणि झाकण न ठेवता नीट शिजवा. नुसतं वाळवल्याने काम होत नाही, कोंब काढून टाकावेच लागतात.

८. एकादशीला भगर खाऊन उलट्या झाल्या. उपासाचा पदार्थ बाधतो कसा?

भगर पवित्र असली तरी बुरशीला त्याचं काही नाही. भगरीवर ॲस्परजिलस जातीच्या बुरश्या लवकर वाढतात आणि त्यांची विषं शिजवूनही टिकतात. धोका सर्वांत जास्त असतो तो सुट्या तयार पिठात: पीठ हवेतली ओल भराभर ओढतं आणि कधी दळलं ते कुणालाच माहीत नसतं. आषाढीला पावसाळी हवा आणि एकदम वाढलेली मागणी एकत्र येतात, मग मागच्या सणाचा उरलेला मालही बाहेर निघतो.

पॅकबंद, तारीख असलेली भगर घ्या. निवडा, धुवा, सावलीत वाळवा, लागेल तेवढीच घरी दळा आणि दळलेलं त्याच दिवशी संपवा. कुबट वास आला तर देवाला हात जोडून टाकून द्या. चक्कर, उलट्या, थरथर अशी लक्षणं दिसली तर दवाखाना गाठा आणि उरलेलं पीठ फेकू नका (प्रश्न २०).

९. मला धारोष्ण दूधच आवडतं. ते पिणं बेकायदा आहे का?

नाही. कच्चं दूध विकणंही सरसकट बंद नाही, दर्जाचे नियम पाळावे लागतात. पण धारोष्ण दुधातून ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात, आणि धडधाकट दिसणाऱ्या जनावरातही ते असतात. पाश्चरायझेशनला ७२ अंशांवर १५ सेकंद पुरतात. घरी उतू येईपर्यंत तापवून, ढवळून, आणखी मिनिटभर उकळलं की काम होतं. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध पिशवी थंड राहिली असेल तर न उकळताही सुरक्षित आहे, पण सोलापूरच्या मे महिन्यात ती दुकानाच्या पायरीवर तासभर पडली असेल तर उकळा.

स्वतः पिणं ही तुमची मर्जी. गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस यांना धारोष्ण दूध देऊ नका.

१०. गाड्यावरची भजी पेपरात घेतली तर मला चालतं. मग गाडेवाल्याला दंड का?

वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला २०१८ च्या वेष्टन नियमांनी बंदी आहे. गरम तेलकट भज्याला छपाईची शाई चटकन लागते, आणि तो कागद आधी कुठे पडला होता हेही माहीत नसतं. तुम्ही 'चालतं' म्हणून विक्रेत्याची जबाबदारी सुटत नाही, कारण तो फक्त तुम्हालाच विकत नाही. कोरा खाद्य-दर्जाचा कागद, पळसाची पत्रावळ किंवा स्वतःचा डबा, हे पर्याय आहेत. डबा नेणाऱ्याला गाडेवाले दोन भजी जास्त टाकतात.

११. तळणाचं तेल किती वेळा वापरावं?

हॉटेल आणि गाड्यांसाठी मोजमाप ठरलेलं आहे: तेलातले 'टोटल पोलर कंपाउंड' (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारी द्रव्यं) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यातून बाद. हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्याला नोंदवहीही ठेवावी लागते.

घरी मीटर नसतो. तेल गडद आणि चिकट झालं, बारीक फेस येऊन बसत नाही, नेहमीपेक्षा लवकर धूर निघतो, यातलं काहीही दिसलं की थांबा. जास्तीत जास्त तीनदा, तेही दर वेळी गाळून. जुन्या तेलात नवीन ओतत राहणं ही सर्वांत वाईट सवय. जुनं तेल नव्यालाही लवकर खराब करतं. ओतून द्यायचं तर मोरीत नको.

१२. उन्हाळ्यात रसवंतीचा बर्फ खावा की नाही?

बर्फ दोन प्रकारचा. एक खाण्याचा, पिण्याच्या पाण्याचा. दुसरा मासे आणि माल थंड ठेवण्याचा, तो कसल्याही पाण्याचा असू शकतो. दोन्ही ओळखू यावेत म्हणून महाराष्ट्रात जून २०१८ पासून न खाण्याच्या बर्फाला निळसर रंग देण्याचा आदेश आहे. निळी झाक असलेली लादी रसाच्या गाड्यावर दिसली तर तिथून निघा. पांढरी असेल तरी ती गोणपाटात गुंडाळून फरशीवर ठेवली असेल तर पाणी चांगलं असूनही उपयोग नाही. गोठल्याने जंतू मरत नाहीत, थांबतात. 'बर्फ नको' म्हणून सांगता येतं आणि कुणी वाईट वाटून घेत नाही.

पाणी काही दिवसांआड येत असल्याने घरोघरी साठवण असते. नळाला पाणी येतं तेव्हा त्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी मोकळं क्लोरीन हवं, पण ते उघड्या हौदात एक-दोन दिवसांत उडून जातं. खानावळ चालवणाऱ्यांनी चौथ्या दिवशीचं पाणी पहिल्या दिवशीच्या भरवशावर वापरू नये.

१३. गड्ड्याच्या यात्रेत, वारीत आम्ही प्रसाद फुकट वाटतो. आम्हाला कसला कायदा?

कायद्यातली 'अन्न व्यवसाय' ही व्याख्या नफ्यासाठी असो वा नसो, दोन्हीला लागू होते. धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्याचा उल्लेख नोंदणीच्या नियमांत स्पष्ट आहे. मंडळाने नोंदणी करावी, आचारी कोण, किराणा कुठून घेतला याची नोंद ठेवावी. मोठ्या देवस्थानांसाठी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) 'भोग' नावाची योजना आहे, त्यात सेवेकऱ्यांना प्रशिक्षण मिळतं.

घरच्या सत्यनारायणाला हे काही लागत नाही. शिरा केळं घालून केला असेल तर मात्र सकाळचा संध्याकाळी वाटू नका.

१४. पंगतीचं उरलेलं अन्न कधीपर्यंत चालतं? उकळलं की झालं ना?

इथेच सर्वांत जास्त लोक फसतात. शिजवताना जिवाणू मरतात, पण काहींचे बीजाणू तग धरतात. अन्न ५ ते ६० अंशांच्या दरम्यान रेंगाळलं की ते जागे होतात, वाढतात आणि विष टाकतात. भातातला बॅसिलस सिरियस आणि हातांवरून येणारा स्टॅफिलोकोकस यांची उलट्या करवणारी विषं पुन्हा उकळूनही जात नाहीत. म्हणून 'खळखळून उकळलं होतं' हे उत्तर अपुरं आहे.

हुग्गीची (गव्हाच्या खिरीची) मोठी कढई घ्या. वरचा थर निवतो, पण मधला गोळा सहा-सात तास कोमट राहतो, आणि जिवाणूंना कोमटच हवं असतं. मटणाच्या रश्श्याचं, वरणाचं मोठं पातेलंही तसंच.

वाढताना: गरम ते ६५ अंशांच्या वर, म्हणजे चटका बसेल इतकं. खाली निखारे किंवा मंद आच ठेवा. मटण-चिकन शिजवताना सर्वांत जाड तुकड्याच्या आत ७५ अंश यायला हवेत. दांडीवाला थर्मामीटर किरकोळ किमतीत मिळतो आणि प्रत्येक आचाऱ्याकडे असावा.

उरल्यावर: पातेलं झाकून कोपऱ्यात ठेवू नका. पसरट परातीत दोन इंचांपेक्षा कमी जाडीचा थर करा, परात थंड पाण्यात किंवा बर्फात ठेवा, ढवळत राहा. दोन तासांत २१ अंशांपर्यंत, मग लगेच फ्रीजमध्ये. साध्या हवेत अन्नाला दोन तास धरतात. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच. आपल्याकडे फेब्रुवारी संपता संपता हा एक तास लागू होतो.

बाहेर देण्याआधी: उरलेलं वस्तीवर किंवा आश्रमात पाठवायचं तर बारा वाजता उरलेलं पाच वाजता पाठवू नका. ताटात टाकून उठलेलं आणि भांड्यात उरलेलं एकत्र करू नका. बासुंदी, पनीर, ओल्या नारळाचं काही असेल तर देऊच नका. गरिबाला चालतं, हा विचार इथे मुळीच नको.

१५. मुदत संपलेलं खाल्लं तर?

'याआधी उत्तम' ही तारीख चव आणि पोत यांची, 'याआधी वापरा' किंवा एक्सपायरी ही सुरक्षिततेची. एक्सपायरी उलटलेला माल विकता येत नाही. घरात बिस्किटं किंवा रवा उत्तमच्या तारखेनंतर आठवड्याने खाल्ला तर तो तुमचा निर्णय. दूध, पनीर, मांस यांच्या बाबतीत असे प्रयोग नकोत. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईच्या ट्रेसमोरही 'याआधी उत्तम' तारीख लावणं बंधनकारक आहे. पाटी नसेल तर विचारा.

१६. मी शाकाहारी आहे. हिरव्या खुणेवर कितपत भरवसा ठेवावा?

हिरवा ठिपका म्हणजे घटकांत प्राण्यापासून आलेलं काही नाही. यात दूध, दुधाचे पदार्थ आणि मध चालतात. अंडं चालत नाही, ते मांसाहारात धरतात. मांसाहाराला आता तपकिरी त्रिकोण असतो. दूधही नको असेल तर व्हीगन खूण वेगळी आहे.

ही खूण पाकिटापुरती. हॉटेलात कच्चं मांस आणि बाकी अन्न वेगळं ठेवलंच पाहिजे, पण एकाच कढईत आधी चिकन आणि मग भजी तळली का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारा. खोटं उत्तर मिळालं तर ती रीतसर तक्रार होते.

१७. दारू मिळते, सिगारेट मिळते, मग गुटख्यालाच बंदी का? माझं तोंड, माझी मर्जी.

अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालायला २०११ च्या नियमांनीच मनाई आहे, आणि गुटखा अन्नपदार्थात धरला जातो. सिगारेट अन्न नाही, म्हणून तिला वेगळा कायदा. शिवाय कलम ३० (२) (अ) अन्वये अन्न सुरक्षा आयुक्त एखाद्या पदार्थावर एका वर्षापर्यंत बंदी घालू शकतात. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून असा आदेश निघतो आणि दर वर्षी नव्याने काढला जातो. पुढे सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही त्यात आली. बंदी उत्पादन, साठवण, वाहतूक आणि विक्रीवर आहे. खाणाऱ्याचं तोंड यात येत नाही, टपरीवाल्याचा गल्ला येतो. तुमच्या मर्जीचा मुद्दा तत्त्व म्हणून वजनदार आहे, पण पंधरा वर्षांचं पोर पाच रुपयांत पुडी घेतं तेव्हा तो तितका वजनदार राहत नाही.

१८. गोवंशाचं मांस हा अन्न सुरक्षेचा प्रश्न आहे का?

नाही, तो वेगळा कायदा: महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६. २०१५ च्या दुरुस्तीने गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस या बंदीत नाही. तिच्या कत्तलीला प्रमाणपत्र लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये कत्तलबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कायदेशीर कत्तल झालेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणूस घरात काय खातो हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, हा त्यामागचा विचार. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सोलापूरला कर्नाटकाची हद्द जवळ असल्याने हा प्रश्न सारखा येतो. तिथले नियम तिथल्या कायद्याने ठरतात, आणि प्रत्यक्ष प्रकरण असेल तर वकील गाठा.

१९. बाळाला मध चाटवायची आमची पद्धत आहे. घरात कुणी नियम सांगायचं काम नाही.

कायदा सांगतही नाही. तरीही वर्षाच्या आत बाळाला मध नको, शुद्ध असला तरी नको. मधात बोटुलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि बाळ लुळं पडू शकतं: आधी शी होत नाही, मग रडणं बारीक होतं, मान धरत नाही. मध उकळून उपयोग नाही. हे बीजाणू मारायला दाबाखाली १२१ अंश लागतात. सोन्याची अंगठी रिकामीच ओठाला लावा, पद्धतही राहील.

२०. त्रास झाला तर तक्रार कुठे आणि कशी?

उरलेला पदार्थ मूळ पाकिटासह स्वच्छ डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. बिल, बॅच आणि तारखेचे फोटो काढा. किती जणांनी, किती वाजता खाल्लं आणि किती तासांनी त्रास सुरू झाला ते लिहून ठेवा. दोन-तीन तास की बारा तास, यावरून कुठला जंतू याचा अंदाज येतो. डॉक्टरांच्या कागदावर 'अन्नातून विषबाधेचा संशय' असं नोंदवून घ्या.

सोलापुरात अन्न व औषध प्रशासनाचं सहायक आयुक्त (अन्न) यांचं कार्यालय आहे. राज्याची टोल फ्री सेवा १८००-२२२-३६५, एफएसएसएआयची १८००-११२-१००. वजनात मारलं असेल तर वैधमापन विभाग, उकिरडा आणि गटारीसाठी महापालिका, पैसे परत हवेत तर ग्राहक आयोग. चुकीच्या दारात गेलात की महिना जातो.

अधिकारी नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग होतात, एक अन्न विश्लेषकाकडे जातो आणि १४ दिवसांत अहवाल अपेक्षित असतो. तुम्ही फ्रीजमध्ये ठेवलेला डबा न्यायालयात चालेल असा नमुना नव्हे, पण तपास कुठून सुरू करायचा ते त्यावरून कळतं.

कलम ४० प्रमाणे तुम्ही स्वतःही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकता, आणि माल नियमबाह्य निघाला तर शुल्क परत मिळतं. अट एकच, आणि तीच बहुतेक जण विसरतात: हा माल तपासायला पाठवणार आहे, हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. घरी येऊन शंका आली म्हणून पाठवलं तर या कलमाचा फायदा मिळत नाही. अशा वेळी पुन्हा दुकानात जा, त्याच बॅचचं दुसरं पाकीट मागा आणि या वेळी तोंडाने सांगून घ्या.